रक्त पातळ करणारी छोटी गोळी : ॲस्पिरिन कोणी घ्यावी, कोणी घेऊ नये? वाचा संपूर्ण माहिती

वर्धा : एक बीपीची गोळी, एक शुगरची गोळी आणि एक ‘रक्त पातळ व्हायची’ गोळी. आर्वी असो की हिंगणघाट, देवळी असो की कारंजा (घाडगे), साठी ओलांडलेल्या माणसाच्या औषधाच्या पिशवीत ही तिसरी गोळी बऱ्याचदा दिसते. तिचं नाव ॲस्पिरिन. ‘इकोस्प्रिन’ या नावाने ती जास्त ओळखली जाते. गोळी लहान, किंमत कमी आणि मेडिकलमध्ये सहज मिळणारी. त्यामुळे तिच्याबद्दल गैरसमजही तेवढेच.

गावात दोन प्रकारच्या चुका होतात. पहिली चूक अशी : “शेजारच्या काकाजीले डॉक्टरनं देल्ली, मंग म्या घेतली त काय बिघडते?” दुसरी चूक याच्या अगदी उलट : “आता बरं वाटते, छातीत दुखत नाही, कशाले रोज गोळी खायची?” पहिल्या चुकीत गरज नसलेला माणूस पोटातल्या रक्तस्रावाचा धोका ओढवून घेतो. दुसऱ्या चुकीत ज्याला गोळीची खरी गरज आहे, तो पुन्हा हार्ट अटॅकच्या दारात जाऊन उभा राहतो.

म्हणून ही माहिती नीट वाचा आणि घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवा.

ही गोळी नेमकं करते काय?

‘रक्त पातळ होते’ असं आपण म्हणतो, पण रक्त पाण्यासारखं पातळ होत नाही. आपल्या रक्तात प्लेटलेट नावाच्या बारीक पेशी असतात. विळा लागला, काटा रुतला की या पेशी एकमेकींना चिकटून गाठ बनवतात आणि रक्त थांबतं. हे त्यांचं चांगलं काम.

पण हृदयाच्या किंवा मेंदूच्या नळीत चरबीचा थर साचलेला असेल आणि तो फाटला, तर तिथेही याच पेशी गोळा होतात. गाठ तयार होते, नळी बंद पडते. हृदयाची नळी बंद झाली तर हार्ट अटॅक, मेंदूची बंद झाली तर लकवा.

ॲस्पिरिन या पेशींचा चिकटपणा कमी करते. हे कसं घडतं, ते इंग्लंडचे शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये शोधून काढलं. त्यासाठी त्यांना १९८२ मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला. एकदा गोळीचा परिणाम झाला की ती पेशी मरेपर्यंत, म्हणजे ७ ते १० दिवस, तशीच राहते. शरीरात रोज नव्या पेशी तयार होतात, म्हणून गोळीही रोज लागते.

यातच गोळीचा फायदा आहे आणि तोटाही. नळीत गाठ होऊ देत नाही, तशी ती पोटातल्या जखमेवरही गाठ लवकर होऊ देत नाही. एकाला वाचवणारी गोळी दुसऱ्याला त्रास देते, ती यामुळेच.

कमी डोस म्हणजे किती?

कमी डोस म्हणजे साधारण ७५ ते १५० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. डोकं दुखलं की पाण्यात विरघळवून घेतात ती डिस्प्रिन म्हणजेही ॲस्पिरिनच, पण तिच्यात ३५० मिलिग्रॅम असतं. म्हणजे ७५ च्या चार गोळ्यांपेक्षाही जास्त. हृदयासाठी रोज एवढा डोस लागत नाही. डोस वाढवला म्हणून फायदा वाढत नाही, पोटाचा त्रास मात्र वाढतो.

यांनी गोळी बंद करू नये

खालीलपैकी काही तुम्हाला झालं असेल आणि डॉक्टरांनी ॲस्पिरिन लिहून दिली असेल, तर ती मनाने बंद करू नका :

• हार्ट अटॅक येऊन गेला आहे
• हृदयात स्टेंट, म्हणजे ‘छल्ला’ टाकला आहे
• बायपास झाली आहे
• मेंदूच्या नळीत गाठ अडकून लकवा झाला होता (रक्तस्रावाने झालेला लकवा नव्हे)

अशा रुग्णांमध्ये या गोळीचा फायदा पक्का सिद्ध झाला आहे. १९८८ मध्ये जाहीर झालेल्या एका मोठ्या जागतिक अभ्यासात हार्ट अटॅकच्या १७,१८७ रुग्णांचा समावेश होता. ज्यांना महिनाभर ॲस्पिरिन दिली, त्यांच्यातले हृदयविकाराने होणारे मृत्यू २३ टक्क्यांनी कमी झाले. एवढ्या स्वस्त गोळीने एवढा फरक पडेल, असं तोवर अनेक डॉक्टरांनाही वाटत नव्हतं.

पुढे २००९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. आधी अटॅक किंवा लकवा होऊन गेलेल्या रुग्णांपैकी, गोळी न घेणाऱ्या १०० जणांमागे वर्षाला सुमारे ८ जणांना पुन्हा मोठा झटका आला. गोळी घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ७ पेक्षाही खाली होतं. एका वर्षात हा फरक छोटा वाटेल, पण अशी दहा-पंधरा वर्षं धरली तर हिशेब मोठा होतो.

दुर्दैवाने, ज्यांना गरज आहे त्यांच्यापर्यंतच गोळी पोहोचत नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १७ देशांच्या अभ्यासात दिसलं की श्रीमंत देशांत असे ६२ टक्के रुग्ण ॲस्पिरिनसारखी गोळी घेत होते. गरीब देशांच्या गटात हे प्रमाण ९ टक्क्यांहूनही कमी होतं, आणि त्या गटात भारत होता. शहरापेक्षा खेड्यात परिस्थिती आणखी वाईट होती.

स्टेंट टाकलेल्यांनी तर जास्तच काळजी घ्यावी. त्यांना ॲस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेलसारखी दुसरी गोळीही काही महिने दिली जाते. कापूस वेचणीच्या घाईत, लग्नाच्या गडबडीत ‘गोळ्या संपल्या, पुढच्या बाजारी आणू’ असं करू नका. नवीन स्टेंटमध्ये गाठ झाली तर ती जिवावर बेतते. दात काढायचा असेल किंवा ऑपरेशन असेल, तर गोळी थांबवायची की नाही हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

यांनी मनाने सुरू करू नये

आता गोष्ट उरलेल्यांची. ज्यांना ना अटॅक आला, ना लकवा झाला, पण ‘पुढे होऊ नये’ म्हणून गोळी घ्यावी असं वाटतं. पूर्वी अशांनाही ॲस्पिरिन सर्रास दिली जायची. २०१८ नंतर चित्र बदललं.

वय झालेल्यांचं काय? ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत १९,११४ ज्येष्ठांवर अभ्यास झाला. बहुतेकांचं वय सत्तरीच्या पुढे. निम्म्यांना रोज १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. पावणेपाच वर्षांनी पाहिलं तर हृदयाला ठोस फायदा दिसला नाही. मोठा रक्तस्राव मात्र गोळी घेणाऱ्या १०० पैकी जवळपास ४ जणांना, तर न घेणाऱ्यांमध्ये ३ पेक्षा कमी जणांना झाला.

शुगर असलेल्यांचं काय? इंग्लंडमध्ये शुगरच्या १५,४८० रुग्णांवर सुमारे सात वर्षं अभ्यास झाला. हिशेब असा निघाला : १००० जणांना गोळी दिली तर ११ जणांचा अटॅक, लकव्यासारखा त्रास टळला आणि ९ जणांना मोठा रक्तस्राव झाला. एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने जवळपास तेवढंच घेतलं.

आपल्या देशातल्या लोकांचं काय? २०२० मध्ये जाहीर झालेल्या एका अभ्यासात ५,७१३ जण होते आणि त्यातले जवळपास निम्मे भारतातले. हृदयविकार झालेला नव्हता, पण होण्याचा धोका होता, असे हे लोक. नुसत्या ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिनने अटॅक आणि लकवा नक्की कमी होतो, असं सिद्ध झालं नाही. मात्र बीपी आणि कोलेस्टेरॉलच्या औषधांसोबत ॲस्पिरिन दिलेल्या गटात हे त्रास कमी झाले. म्हणजे बीपी सोडून फक्त ॲस्पिरिनवर भरवसा ठेवणं हा उलटा धंदा आहे.

२०२२ मध्ये अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीनेही सांगितलं की ज्यांना हृदयविकार नाही, अशा साठीपुढच्या लोकांनी केवळ बचाव म्हणून ॲस्पिरिन नव्याने सुरू करू नये. चाळीस ते साठ वयात कोणाला द्यायची, हे बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, तंबाखू आणि रक्तस्रावाचा धोका पाहून डॉक्टर ठरवतात.

तुम्हाला अशी गोळी आधीपासून सुरू असेल तर घाबरून फेकून देऊ नका. पुढच्या तपासणीला चिठ्ठी घेऊन जा आणि सरळ विचारा, “डॉक्टरसाहेब, ही गोळी मला कशासाठी आहे?” तुमच्या फाइलमध्ये असं एखादं कारण असू शकतं, जे तुम्हाला माहीत नाही.

गर्भवती महिलांसाठी ही गोळी का देतात?

सुनेला दिवस गेले आणि डॉक्टरांनी ‘रक्त पातळ करायची गोळी’ लिहून दिली की घरात काळजी सुरू होते. “पोरीले काय हृदयाचा त्रास आहे का?” तसं नसतं.

गरोदरपणात काही महिलांचं बीपी वाढतं, लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात, झटके येऊ शकतात. आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका होतो. काही वेळा बाळाला वेळेआधीच बाहेर काढावं लागतं. हा धोका कमी करण्यासाठी कमी डोसची ॲस्पिरिन उपयोगी पडते.

या विषयावरचा एक महत्त्वाचा अभ्यास तर आपल्या शेजारी झाला. सहा देशांतल्या पहिलटकरणींवर झालेल्या या अभ्यासात भारतातली दोन केंद्रं होती, एक नागपूर आणि दुसरं बेळगाव. एकूण ११,९७६ महिलांचा समावेश होता. निम्म्यांना गरोदरपणाच्या सुरुवातीपासून रोज ८१ मिलिग्रॅम ॲस्पिरिन देण्यात आली. जानेवारी २०२० मध्ये निकाल जाहीर झाला. गोळी न घेणाऱ्यांमध्ये १३.१ टक्के बाळंतपणं दिवस भरण्याआधी झाली, घेणाऱ्यांमध्ये ११.६ टक्के. बाळ दगावण्याचं प्रमाणही कमी झालं.

याचा अर्थ प्रत्येक गर्भवतीने मेडिकलमधून गोळी आणावी, असा नाही. साधारणपणे पुढील महिलांना डॉक्टर ही गोळी देतात :

• मागच्या बाळंतपणात बीपी वाढलं होतं किंवा झटके आले होते
• आधीपासून बीपी, शुगर किंवा किडनीचा आजार आहे
• पोटात जुळी बाळं आहेत
• पहिलं बाळंतपण, वय ३५ च्या पुढे, जास्त वजन, आई किंवा बहिणीला असाच त्रास, यापैकी एकापेक्षा जास्त गोष्टी लागू आहेत

इथे वेळ फार महत्त्वाची. ही गोळी साधारण १२ आठवड्यांनंतर आणि शक्यतो १६ आठवड्यांच्या आत सुरू व्हावी लागते. म्हणजे तिसरा महिना संपता संपता. सातव्या महिन्यात पहिल्यांदा दवाखान्यात गेलं तर तिचा तो फायदा मिळत नाही. म्हणून पाळी चुकली की आशाताईंना सांगा आणि लवकर नोंदणी करा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. त्या दिवशी मागच्या बाळंतपणाची सगळी हकीकत न लाजता सांगा.

गोळी सुरू असली तरी डोकं खूप दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहरा-हातावर सूज, वरच्या पोटात दुखणं असं काही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

छातीत दुखलं तर काय करावं?

छातीच्या मधोमध दाबल्यासारखं दुखतं, दुखणं डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जातं, दरदरून घाम सुटतो, जीव घाबरा होतो. गावात याला बऱ्याचदा ‘गॅस झाला’ म्हणतात, सोडा पाजतात आणि सोन्यासारखे दोन तास वाया जातात. शुगर असलेल्यांना आणि बायांना कधी कधी फारसं दुखतही नाही, नुसता दम लागतो आणि घाम येतो.

अशा वेळी :

१. आधी १०८ ला फोन लावा. गाडी यायला वेळ असेल तर गावातली गाडी काढा, पण मोटारसायकलवर मधे बसवून नेऊ नका.
२. रुग्णाला चालवू नका, बसवून किंवा टेकवून ठेवा.
३. फोनवर किंवा डॉक्टरांना ॲस्पिरिनबद्दल विचारा. त्यांनी सांगितलं तर साधारण ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ७५ च्या चार किंवा १५० च्या दोन गोळ्या चावून खायला द्या. चावल्याने काम लवकर होतं.
४. ॲस्पिरिनची ॲलर्जी, या गोळीने दमा उठण्याचा त्रास किंवा पोटातून रक्त जात असेल तर देऊ नका.

गोळी दिली म्हणजे उपचार झाला, असं समजू नका. बंद नळी उघडण्याचं काम दवाखान्यातच होतं.

लकव्यात मात्र गोळी देऊ नका!

तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हातपाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर घरी ॲस्पिरिन देऊ नका. लकवा दोन कारणांनी होतो. नळी बंद झाल्याने किंवा नळी फुटून रक्तस्राव झाल्याने. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. सीटी स्कॅन केल्याशिवाय फरक कळत नाही. रक्तस्राव असेल आणि आपण ॲस्पिरिन दिली, तर आगीत तेल ओतल्यासारखं होईल.

लकवा ही फक्त शहरातली बिमारी नाही. गडचिरोलीतल्या ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांमध्ये २०११ ते २०१३ या काळातल्या १,५९९ मृत्यूंची कारणं तपासली. त्यातले २२९ मृत्यू लकव्याने झालेले निघाले. खेड्यातल्या मृत्यूंचं ते पहिल्या क्रमांकाचं कारण होतं, आणि बहुतेक रुग्णांनी घरीच प्राण सोडला होता.

नळी बंद झालेल्या लकव्यावर गाठ विरघळवणारं इंजेक्शन असतं. ते पहिल्या साडेचार तासांत द्यावं लागतं. म्हणून देवऋषी, मालिश, ‘सकाळी पाहू’ यात वेळ न घालवता सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात पोहोचा. आपल्या जिल्ह्यात सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी (मेघे) इथलं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय ही दोन मोठी ठिकाणं आहेत.

या वेळी ॲस्पिरिनपासून दूर राहा

तापात : पावसाळ्यात डेंग्यू पसरतो. डेंग्यूत प्लेटलेट आधीच कमी होतात. त्यात ॲस्पिरिन किंवा डिस्प्रिन घेतली तर रक्तस्राव होऊ शकतो. तापासाठी डॉक्टर पॅरासिटामॉलच देतात. हृदयासाठी रोजची ॲस्पिरिन सुरू असेल आणि ताप आला, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.

लहान मुलांना : ताप, फ्लू किंवा कांजिण्यांत मुलांना ॲस्पिरिन देऊ नका. मेंदू आणि यकृताला इजा करणारा एक दुर्मिळ पण गंभीर आजार त्यातून होऊ शकतो.

साप चावल्यावर : दुखतं म्हणून डिस्प्रिन देऊ नका. घोणस, फुरसं यांच्या विषाने रक्त गोठणं आधीच बिघडतं.

अंगदुखीच्या गोळ्यांसोबत : निंदण, वेचणीच्या दिवसांत कंबर, गुडघे दुखतात आणि मेडिकलमधून दुखण्याची गोळी येते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन अशा गोळ्या ॲस्पिरिनसोबत घेतल्या तर पोटात अल्सर होऊन रक्त जाण्याचा धोका वाढतो. आयब्युप्रोफेन तर ॲस्पिरिनचा फायदाही अडवू शकते.

दारूसोबत : जिल्ह्यात दारूबंदी असली तरी दारू मिळते हे सगळ्यांना ठाऊक आहे. दारू आणि ॲस्पिरिन एकत्र म्हणजे पोटाशी खेळ.

रोज गोळी घेणाऱ्यांसाठी नियम

• रोज ठरलेल्या वेळी, जेवणानंतर, पाण्यासोबत घ्या.
• वरून आवरण असलेली गोळी रोजच्या वापरात फोडून किंवा चावून घेऊ नका. अटॅकच्या वेळची गोष्ट वेगळी.
• एक दिवस विसरलात तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.
• गोळ्या ओलाव्यापासून जपा. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ती गोळी खराब झाली, टाकून द्या.
• जन औषधी केंद्रातही ॲस्पिरिन मिळते. नाव वेगळं असलं तरी आतलं औषध तेच. मिलिग्रॅम मात्र तपासा.
• पाकिटावर नावापुढे आणखी अक्षरं असतील तर त्यात दुसरं औषधही मिसळलेलं असतं. चिठ्ठीशी जुळवूनच घ्या.

ही लक्षणं दिसली तर लगेच दवाखान्यात

डांबरासारखी काळी, चिकट संडास, रक्ताची किंवा कॉफीच्या रंगाची उलटी, न थांबणारं नाकातलं रक्त, अंगावर विनाकारण निळे डाग, अचानक फार अशक्तपणा. लोहाच्या गोळ्यांनीही संडास काळी होते, पण खात्री डॉक्टरांनाच करू द्या. डोक्याला मार लागला असेल तर जखम छोटी दिसली तरी तपासून घ्या.

मग हृदय सांभाळायचं कसं?

ज्याला हृदयविकार झालेला नाही, त्याच्यासाठी ॲस्पिरिनपेक्षा मोठी औषधं दुसरीच आहेत. खर्रा, तंबाखू, बिडी बंद. बीपी आणि शुगरची नियमित तपासणी, आणि गोळ्या लिहून दिल्या असतील तर त्या न चुकता. मीठ, लोणचं, पापड कमी. गावातल्या उपकेंद्रात बीपी मोजून मिळतो. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाने तो वर्षातून एकदा तरी मोजून घ्यावा.

थोडक्यात लक्षात ठेवा

• अटॅक, स्टेंट किंवा गाठीचा लकवा झाला आहे : गोळी बंद करू नका.
• यातलं काहीच झालं नाही : गोळी मनाने सुरू करू नका.
• दिवस गेले आहेत : तिसऱ्या महिन्यातच डॉक्टरांना विचारा.
• छातीत दुखतंय : १०८ आधी, गोळी विचारून.
• लकव्याची लक्षणं : गोळी नाही, थेट सीटी स्कॅन.
• शेजाऱ्याची चिठ्ठी शेजाऱ्याची. तुमची तपासणी तुमची.

आज संध्याकाळी घरातल्या आजी-आजोबांची औषधाची पिशवी उघडून पाहा. त्यात ही गोळी असेल तर ती कोणी लिहून दिली आणि कशासाठी, एवढं विचारा. उत्तर माहीत नसेल तर पुढच्या बाजाराच्या दिवशी ती पिशवी घेऊन दवाखान्यात जा.

(सूचना : हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. कोणतंही औषध सुरू किंवा बंद करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.)